गोवा मुक्त झाला त्या वर्षी

धाटावच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा कुंडलिका नदीच्या पाण्यावरून रोह्यासमोरच्या आमच्या अष्टमी गावात येई, तेव्हा जुलेखाआपा तांदूळ निवडता निवडता थबकायची. तो आवाज विरेपर्यंत तिची लांब, सावळी बोटं सुपातच स्थिरावत. दाट कुरळ्या, पुढे पांढऱ्या झालेल्या केसांवरून ओढणी घसरली तरी तिला भान नसे. लग्न होऊन तिच्या शेजारी आले तेव्हापासून मी हे पाहत होते. आश्विनातल्या निवळलेल्या उन्हासारखा तिचा चेहरा शांत असे. पण त्या शांततेच्या तळाशी खारं पाणी आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कळलं ते डिसेंबरातल्या एका सकाळी. गोवा मुक्तीच्या दिवसानिमित्त शाळेची मुलं झेंडे घेऊन पुलावरून चालली होती. गोवा मुक्त झाल्याची बातमी आली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी रोह्याच्या बाजारात पेढे वाटले होते, हे मी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"व्हय, वाटलं असतील," आपा म्हणाली. "तिकडं आमच्या दुकानाला सील लागला गो."

तिकडं म्हणजे आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये. तिथे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य होतं. अष्टमीहून गेलेल्या तिच्या अब्बांचं बंदराजवळ कापडाचं दुकान होतं, आणि तिथल्याच एका स्त्रीशी त्यांनी निकाह केला होता. हिंदुस्थानने गोवा घेतला, त्याचा राग त्या सरकारने तिथल्या हिंदी माणसांवर काढला. अब्बांना छावणीत कोंडलं आणि काही महिन्यांनी देश सोडायचा हुकूम दिला. आई त्याच मातीतली. तिला जहाजात जागा नव्हती. धाकटी अमीना अंगावर पीत होती, म्हणून ती आईपाशी राहिली, आणि जहाजाचा भोंगा झाला तशी परकर नेसण्याच्या वयाची जुलेखा अब्बांचं बोट धरून निघाली.

"थोड्या दिवसांची गोष्ट हाय, बोलले अब्बा. मां रडली नाय. नुसती माझ्या केसांना तेल लावत बसली."

मुंबईहून लाँचने धरमतर, तिथून पेणवरून एस.टी.ने रोहा. अब्बांची इथली बायको मायाळू निघाली. तिने सवतीच्या लेकीला कुशीत घेतलं. पण त्या कुशीत नवी बोली शिकता शिकता, भातखाचरातलं पाणी नकळत आटावं तशी आईची भाषा तिच्या जिभेवरून आटून गेली. अब्बा परत जायचं म्हणत राहिले. आधी पोर्तुगीज होते, मग तिथे लढाई पेटली, आणि पोर्तुगीज गेले तोवर अब्बांचा श्वासच थकला होता.

गेल्या हिवाळ्यात मस्कतला राहणाऱ्या तिच्या लेकीला, नसीमला, शेजारी एक मोझांबिकचं कुटुंब भेटलं. त्यांच्या नातलगांनी जुन्या बंदराच्या वस्तीत विचारपूस केली, आणि अमीना सापडली. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आपाने मला शेजारी बसवून घेतलं होतं. पडद्यावर एक वृद्ध स्त्री आली. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळेना. मस्कतची शेजारीण आणि नसीम मध्ये बोलत होत्या. आई जाऊन कित्येक वर्षं झाली, एवढं त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं. आपाने मान हलवली. मग दोघी बहिणी नुसत्या पाहत राहिल्या, एकमेकींच्या कपाळावरच्या आठ्या, गालांवरच्या सुरकुत्या न्याहाळत.

फोन बंद झाल्यावर ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे मी प्रथमच असे वाहताना पाहिले.

"मां माझ्या आठवणीत तरणीच राहिली होती गो. म्हातारी झाल्यावर कशी दिसली असंल, ते आज बघितलं."

मग ओढणीने डोळे टिपत स्वतःशीच म्हणाली, "चांगली दिसत होती."

यंदा रमजानच्या तोंडावर आपा गेली. ज्या वर्षाने तिची आई नेली, ते वर्ष आम्ही अजूनही आनंदाने साजरं करतो, आणि त्यात काही चूक आहे असंही नाही. फक्त काळ एकच पान उलटतो तेव्हा दोन किनाऱ्यांवर ते वेगवेगळं वाचलं जातं, आणि कुणाचं तरी उरलेलं सारं आयुष्य एका चेहऱ्याची वाट पाहण्यात जातं.