वापरात नसलेले तुकडे

ज्या गाण्यानं त्या वर्षी सगळ्यांचे कान किटवले, ते म्हणे एका टेकमध्ये, एका दमात गायलं गेलं होतं. कंपनीनं तसं छापूनच आणलं होतं. एडिटरनं तेच गाणं दोनशे चौदा तुकड्यांतून जोडलं होतं. शब्द सोमवारचा, तर त्याच शब्दाचं शेपूट गुरुवारचं. गाणाऱ्या पोरीला स्टुडिओत सगळे बाईसाहेब म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. पोर वाईट नव्हती. एकोणीस वर्षांची, बिचारी रडकुंडीला येऊन गायची. कंपनीनं तिला आधी प्रसिद्ध केलं आणि तिच्यासाठी गाणं मागाहून शोधलं. विमानतळावर तिच्यासाठी किंचाळणारी गर्दी नाश्त्याच्या बोलीवर आणलेली होती, हे गर्दी आणणाऱ्यानंच हसत हसत सांगितलं होतं.

एडिटरही हसला होता. हसायला त्याचं काय जात होतं? गाण्याची बाजू भक्कम होती, कारण गाइड त्याची ताई गायची.

गाइड म्हणजे बाईसाहेबांसारखे लोक यायच्या आधी कुणीतरी गाणं नीट गाऊन ठेवायचं. मग त्यांनी ते कानात ऐकत ऐकत तसंच्या तसं गिरवायचं. गाणं पक्कं झालं की गाइड पुसून टाकतात. एडिटरची थोरली बहीण बावीस वर्षं हेच करत आली होती आणि बावीस वर्षं पुसली जात होती. "मला गायला मिळतं ना, झालं तर," एवढंच ती म्हणायची.

मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या चार दिवस आधी ती स्टुडिओत आली आणि या गाण्याची गाइड गायली. आवाजाला थोडी खरखर आली होती, पण त्या खरखरीसकट ती अशी गायली की एडिटर काचेपलीकडे मान खाली घालून बसला. हेडफोन काढून ठेवताना ती म्हणाली, "बारक्या, हे एवढं एक पुसू नकोस. माझ्यासाठी ठेव."

"ठेवतो गं. हे काय सांगायला हवं?"

घरी तिच्या गाण्याचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. जन्म माइकसमोर गेलेली बाई, पण घरात कुणी फोन पुढे धरला की "पुरे रे" म्हणून उठून जायची.

गाणं पक्कं झालं त्या दिवशी कंपनीचा प्रसिद्धीवाला येऊन खुर्चीमागे उभा राहिला. "दुसरा कुठलाही आवाज मशीनवर राहता कामा नये. उद्या कुठे फुटला, तर एका टेकची गोष्ट गेलीच म्हणून समजा." एडिटर मनात म्हणाला, मोठा आलास शहाणा. हा असं सांगणार हे ओळखून प्रोजेक्टची एक कॉपी त्यानं सकाळीच स्वतःच्या डिस्कवर घेऊन ठेवली होती. त्यानं निर्धास्तपणे 'वापरात नसलेले तुकडे काढून टाका' हे बटण दाबलं. परत मिळणार नाहीत, नक्की काढायचे का, असं मशीननं विचारलं. त्यानं 'हो' म्हटलं.

प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसती मांडणी असते, कुठला तुकडा कुठे बसतो एवढीच. आवाज निराळ्या फोल्डरमध्ये असतात. नवशिक्याला हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि एडिटरनं ते कितीजणांना शिकवलं होतं. त्या सकाळी त्या माणसावर मात करायच्या नादात त्यानं फक्त मांडणी उचलली होती. मूर्ख, शुद्ध मूर्ख.

हे त्याला दोन महिन्यांनी कळलं, ताई घरी येऊन सावरल्यावर. वहीत लिहून तिनं विचारलं होतं, "माझं गाणं कधी आणतोस?" त्यानं कॉपी उघडली, तर राखाडी रिकामे चौकोन आणि प्रत्येकावर त्यानंच टाकलेलं नाव, ताई. स्टुडिओतल्या डिस्कवर तोवर त्या जागी बाईसाहेबांची पुढची दोन गाणी चढली होती. गेलेलं परत काढून देणाऱ्यांकडेही तो जाऊन आला. त्यांनी हात टेकले.

एवढ्या शोधाशोधीत हाती लागले ते सतरा तुकडे. बाईसाहेब ओळीआधी धापा टाकत, म्हणून एडिटरनं त्यांचे श्वास काढून ताईचे बसवले होते. ते वापरात होते, म्हणून वाचले. गाणं आल्यावर एका समीक्षकानं त्या श्वासांवरच अर्धं पान लिहिलं होतं, आणि ते वाचून स्टुडिओत हशा पिकला होता.

रविवारी दुपारी तो लॅपटॉप घेऊन गेला. दार भाचीनं उघडलं. "मामा, त्या नव्या गाण्यात तिचे श्वास ऐकलेस? नुसत्या श्वासानंच रडू येतं. आणि हे एका टेकमध्ये." तो चप्पल काढत राहिला.

ताई खिडकीशी बसली होती. आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायची, त्यावर पांढरी जाळी बांधलेली. त्याला पाहून तिनं केस सारखे केले आणि हेडफोनसाठी हात पुढे केला. सांगायचं वाटेत ठरवून आला होता तो सगळं, पण तिच्या हातात हेडफोन दिले. त्यानं ते सतरा तुकडे लावले.

पहिल्याच श्वासाला तिनं डोळे मिटले. एकेक श्वास येई आणि तिचे ओठ त्या त्या ओळीवर हलत. कुठला श्वास कुठल्या ओळीआधीचा, तिला बरोबर कळत होतं. सतरावा झाल्यावर ती तशीच थांबली, मान किंचित वर करून. काहीच आलं नाही तेव्हा तिनं डोळे उघडले, हसली, आणि वही ओढून भराभर लिहिलं.

तिचं लिहिलेलं घरात भाची वाचून दाखवायची, तसं तिनं सवयीनं वाचलं. "हे श्वास माझे..." तिथं ती अडली. आईकडे बघितलं, मामाकडे बघितलं. पुढचं तिनं अगदी हळू वाचलं. "हे श्वास माझे आहेत. आवाज बरोबर येतोय. आता गाणं लाव."

"ताई," तो म्हणाला, "एवढंच आहे."