सुईच्या टोकाएवढं भोक

“अण्णा, ही गोळी दुपारपर्यंतच चालतीय,” रेश्मा काउंटरवर वाकून हळूच म्हणाली. “आधीची संध्याकाळपर्यंत पुरायची की. काल तीन वाजता दोन लेबलं चुकली. साहेब म्हणाले, परत चुकलं तर लेबलाच्या टेबलावरनं काढतो.”

तिच्या एका हातात जपून ठेवलेली आधीची एक गोळी होती, दुसऱ्या हातात मी दोन महिने देत असलेली स्ट्रिप. दुकानात गर्दी होती. आणि मी, गुरुबसप्पा, अठ्ठावीस वर्षं औषधं विकणारा शहाणा माणूस, नको तेवढ्या मोठ्यानं बोललो.

“अगं, औषध तेच, मिलिग्राम तेच. ती ब्रँडची, ही जेनेरिक, एवढाच फरक. लक्ष लागत न्हाय म्हणून गोळी घेतीस, आन् सगळं लक्ष गोळीवरच लावतीस व्हय?”

रांगेतले नेहमीचे गिऱ्हाईक दीपकराव खो खो हसले. मलाही माझा विनोद आवडला. कोणी ओळखीचं आहे का, ते रेश्मानं मागं वळून पाहिलं आणि ती निघून गेली. जुनी गोळी काउंटरवरच राहिली.

रेश्मा एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला होती. कुठला गठ्ठा कुठल्या गावाला जायचा, त्याचं लेबल लावायचं काम. लहानपणापासून तिचं चित्त म्हणून थाऱ्यावर नसायचं. घरच्यांनी वेंधळी ठरवून टाकलेलं. सव्विसाव्या वर्षी डॉक्टरांनी हा लक्ष न टिकण्याचा आजार आहे असं सांगितलं आणि जिच्यातलं औषध दिवसभर थोडं थोडं सुटतं अशी गोळी दिली. पहिल्याच महिन्यात ती पेढे घेऊन आली होती. “अण्णा, एक बी लेबल चुकलं न्हाय,” म्हणत होती.

पुढं ती कंपनीची गोळी आमच्याकडं यायची बंद झाली. मी दुसरी दिली, तिला न सांगता. औषध तेच आहे, सांगायचं काय त्यात? जेनेरिकवर आम्हाला चार पैसे जास्त सुटतात, हेही खरं. खोटं कशाला बोलू?

दुपारी दुकान रिकामं झाल्यावर ती जुनी गोळी हातात घेतली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. मला भिंग लागलं. गोळीच्या एका टोकाला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. नव्या गोळीला नव्हतं. जुन्या गोळीचं एक रिकामं पाकीट कपाटात सापडलं; दोन्ही पाकिटांतली माहितीपत्रकं उलगडली. जन्मात पहिल्यांदा ती शेवटपर्यंत वाचली. जुन्या गोळीतलं औषध त्या भोकातून तासन्तास बाहेर पडत राहतं. नवी पोटात विरघळत जाते आणि एखाद्याला लवकर संपते. औषध तेच, सुटायची तऱ्हा वेगळी. जेनेरिक वाईट असतं असं नाही. माझी रक्तदाबाची गोळी जेनेरिकच आहे आणि मी ठणठणीत आहे. पण रेश्माला फरक पडत होता आणि ती तो सांगत होती.

फायलीतून तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स काढली. शेवटची ओळ होती, ‘गोळी बदलू नये’. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं मी औषधाचं नाव वाचायचो आणि चिठ्ठी बाजूला ठेवायचो. रिकाम्या दुकानात मला माझी लाज वाटली.

पुण्याहून जुनी गोळी मागवली. यायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पाकीट घेऊन मी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो.

रेश्मा आली. केसांत कापसाचे तंतू अडकले होते.

“टेबलावरनं काढलं, अण्णा. लातूरचे गठ्ठे विजापूरला गेले. आता घड्या घालायला बसवलंय.”

मी पाकीट दिलं. त्याबरोबर दुकानाच्या शिक्क्याचा कागद. रात्रभर विचार करून चारच ओळी लिहिल्या होत्या. ‘रेश्माचं औषध मी न विचारता बदललं. दुपारच्या चुका तिच्या नाहीत, माझ्या आहेत.’

“साहेबाला दाखव,” मी म्हणालो. “लागलं तर मी येऊन सांगतो. चूक माझी हाय.”

तिनं कागद दोनदा वाचला. मग मागं वळून पाहिलं. फाटकातून बायका बाहेर पडत होत्या.

“हे दाखवलं तर गोळीचं कळंल की, अण्णा,” ती हळूच म्हणाली. “मग येडीच म्हणतील मला.”

त्या दिवशी दुकानात केवढ्यानं बोललो होतो मी.

टॉवेलची घालतात तशी चारी कोपरे जुळवून तिनं त्या कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली.