दोन बोटं पाणी

दारिंकाने आधी फोटो वळवला, मग पट्टी सोडायला घेतली.

फोटो ओब्रादचा, तिच्या नवऱ्याचा. काळी फीत लावून कपाटावर रेडिओशेजारी ठेवलेला. एरवी त्याचं तोंड दाराकडे असायचं. सकाळी पट्टीच्या वेळी मात्र ती तो हलकेच कोपऱ्याकडे वळवायची, जिथे घोंगडीवर गारोव पडलेला असे. दहा वर्षांचा काळा कुत्रा. पुढचा डावा पाय खांद्यापासून नव्हता. ओब्राद गेल्यावर नवव्या दिवशी तो कापला होता.

पट्टी आधी कोमट पाण्याने भिजवा, मग सोडा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. ती भिजवत नसे. चिकटलेला कापूस कोरडाच ओढला, तसा गारोवच्या घशातून बारीक, लांबलचक आवाज निघाला.

"झालं, झालं," ती मऊ आवाजात म्हणाली. बघत मात्र होती फोटोकडे.

गारोवने मान वळवून तिचं मनगट चाटलं. तिने ते एप्रनला पुसलं आणि दुसरा कापूस ओढला.

पट्टी बांधून झाल्यावर ती खिडकीशी गेली. जुन्या घराच्या जाड भिंतीतली खिडकी, कठडा जेमतेम गुडघ्याच्या वर. तिथे पाण्याचा पेला होता आणि खिळ्याला स्वच्छ टॉवेल. गेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरातच फिरतो. त्याला तहान लागते, तोंड पुसायला काही लागतं. तिच्या आईने तिला हे शिकवलं होतं आणि तिने एक दिवसही चुकवला नव्हता. पेला लग्नातला, उंच आणि अरुंद. रात्री ती तो काठोकाठ भरायची. सकाळी बरोबर दोन बोटं पाणी कमी असायचं. ना जास्त, ना कमी. ओब्रादचं सगळं असंच मापात असे, दारूसुद्धा.

आजही दोन बोटं. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, उरलेलं पाणी बाहेर आलुबुखाराच्या झाडाला घातलं.

"वहिनी, आवरलं का?" फाटकातूनच कोसाराची हाक आली. ओब्रादची बहीण. हातात उकडलेल्या गव्हाचं ताट, त्यावर साखरेचा क्रूस. आज शनिवार. चाळिसाव्याचा विधी पोप, म्हणजे गावचा पाद्री, शनिवारीच करतो, त्यामुळे सगळे कबरीवर जायचे होते.

कोसारा आत आली आणि नाकाला रुमाल लावला. "देवा रे, काय हा वास! अगं, तू याला इतकं जपतेस ना, की गावातले म्हातारे म्हणायला लागलेत, देवा, आम्हाला पुढच्या जन्मी दारिंकाचा कुत्रा कर."

"या म्हणावं. जागा होईल आता रिकामी."

"आज येणार आहे ना तो स्रेतेन डॉक्टर?"

"येणार आहे."

"बरं झालं बाई. चाळिसावं होईपर्यंत ठेवलास, भावाचं मन राखलंस. आता सोडव." गारोव पुन्हा कण्हला, तसे तिने कान झाकले. "तो रेडिओ तरी लाव गं. ऐकवत नाही."

"सुतकात रेडिओ नाही लावायचा, वन्सं."

कबरीवर ऊन होतं. पोपने घाईत प्रार्थना म्हटल्या, त्याला दोन गावं पुढे लग्न होतं. बायकांनी गहू वाटला, पुरुषांनी जमिनीवर थोडी दारू सांडून उरलेली घेतली. जो तो दारिंकाजवळ येऊन म्हणत होता, ओब्रादच्या कुत्र्यासाठी तू जे केलंस ते कुणी पोटच्या पोरासाठी करत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती.

दुपारी डॉक्टर आला. तरुण, दांडगा, गाईंची बाळंतपणं करून हात राठ झालेले. गुडघे टेकून त्याने गारोवच्या फासळ्यांवर कान ठेवला, मग हिरड्या बघितल्या. पिशवीतून सिरिंज काढली.

"गाठ छातीत पसरलीय. श्वास बघा कसा घेतोय. काकू, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल. आधी झोपेचं देतो, त्याला काही कळायचं नाही."

"आज नको," दारिंका म्हणाली.

डॉक्टरचा हात तसाच राहिला. "तुम्हीच म्हणालात, चाळिसावं झालं की."

"चाळिसावा दिवस मंगळवारी आहे. आज सदतिसावा."

"पण पोपने तर आज..." कोसाराने तोंड उघडलं.

"पोप शनिवार बघतो, लोकांना सुट्टी असते म्हणून. जीव काही पोपच्या सोयीने जात नाही, वन्सं. मंगळवारी संध्याकाळी या, डॉक्टर."

डॉक्टर उठला. तो चिडला होता, पण वयाचा मान राखून बोलत होता. "पहिल्या दिवशी मी तीन रस्ते सांगितले होते. गोळ्या, नाहीतर पाय कापायचा, नाहीतर सुई. मी असतो तर सुई दिली असती. तुम्ही कापायला लावलात, मला वाटलं, जीव आहे तुमचा त्याच्यावर. आता कापायला काही उरलं नाही. हे तीन दिवस कुणासाठी आहेत?"

तिने घोंगडीची कड सरळ केली.

"मग निदान दुखण्यावरचे ते जोरकस थेंब तरी घ्या. तीन आठवडे सांगतोय."

"त्याने तो झोपून राहील."

"झोपायलाच हवाय तो!"

"मला जागा हवाय," दारिंका म्हणाली. आवाज तोच, देवळात मेणबत्ती मागावी तसा.

डॉक्टरने सिरिंज पिशवीत टाकली. दाराशी जाऊन थांबला. "पाणी तरी भरपूर ठेवता ना जवळ? या गोळ्यांनी फार तहान लागते."

"वाडगा स्वयंपाकघरात आहे. मी पाजते."

"रात्री?"

"रात्री तो उठत नाही. तीन आठवडे स्वतःहून उठलेला नाही."

गाडी गेल्यावर कोसारा खाटेच्या कडेवर बसली. बराच वेळ ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. घोंगडी, तिच्यापलीकडे भिंत, भिंतीवर जुन्या डागाचा पिवळा ठसा. मग तिची नजर कपाटावरच्या फोटोकडे गेली. सकाळपासून तो कोपऱ्याकडेच वळलेला होता.

"वहिनी," ती सावकाश म्हणाली, "तुझी आई याच कोपऱ्यात होती ना?"

"याच."

साखरेच्या आजाराने म्हातारीचा पाय काळा पडला होता. तो हिवाळा दोघींना आठवत होता. रस्त्यावर बर्फ आहे, डॉक्टर कुठून आणू, ओब्राद म्हणाला होता. म्हातारी माणसं कण्हतातच. आणि रेडिओ मोठा केला होता, फुटबॉलचा सामना चालू होता. अकरा दिवस, म्हातारी जाईपर्यंत, रेडिओ मोठाच राहिला. त्याच आठवड्यात, त्याच बर्फात, तेव्हा पिल्लू असलेल्या गारोवने हाड गिळलं म्हणून त्याने चाळीस किलोमीटर गाडी हाकली होती. पिल्लू कोटाच्या आत घेऊन. परत आला तेव्हा आनंदाने रडत होता.

कोसाराचे ओठ हलले. "कुत्र्याने काय केलंय गं तुझं?"

"काही नाही."

"मग?"

दारिंकाने फोटोवरची धूळ एप्रनने टिपली. "त्याचा याच्यावर जीव होता, वन्सं. दुसऱ्या कुणावर असता, तर मी याला हात लावला नसता."

कोसारा उठली. गव्हाचं रिकामं ताट न घेताच गेली.

रविवारी आणि सोमवारी दारिंकाने पट्टी दोनदा बदलली, सकाळी आणि संध्याकाळी. दोन्ही दिवस पेल्यातलं पाणी दोन बोटं उतरलेलं होतं. म्हणजे ओब्राद येत होता. बघत होता. सोमवारी झोपताना तिने पेला जरा जास्तच काळजीने भरला.

मंगळवारी उजाडता उजाडता ती उठली. शेवटचा दिवस. खिडकी उघडायची, पाणी बाहेर टाकायचं, जा म्हणायचं. त्याआधी तिला ओब्रादला त्याचंच एक वाक्य परत ऐकवायचं होतं. चाळीस दिवस जपून ठेवलेलं. अनवाणीच ती खोलीपाशी आली आणि दारात तिला आवाज ऐकू आला.

कुणीतरी पाणी पीत होतं.

ती घाबरली नाही. छातीवर क्रूसाची खूण केली, केस चापून बसवले, आणि दार लोटलं.

गारोव खिडकीशी उभा होता. तीन पायांवर, सगळं अंग थरथरत, छाती कठड्याला टेकून. जीभ पेल्यात घालून पाणी घेत होता. लप, लप, मग थांबून श्वास. पाणी दोन बोटं उतरलं तशी जीभ पुरेना. त्याने नाक आत खुपसलं, ते अरुंद काठाला अडलं. पुन्हा खुपसलं. पुन्हा अडलं. मग त्याला तिची चाहूल लागली. शेपटी एकदा हलली, खाटेच्या पायावर आपटली. चोरी पकडल्यासारखा तो मागे सरला आणि उरलेल्या पुढच्या पायाने दगा दिला. तो कुशीवर पडला.

दारिंकाने पेला उजेडाकडे धरला. बाहेरून दोन बोटं लावून बघितली. बरोबर होतं.

तिने फोटोकडे बघितलं. ओब्राद पलीकडे, जिथे फोटोग्राफर उभा असेल तिथे बघत होता. पासपोर्टसाठी काढलेला फोटो.

तिने फोन लावला. "डॉक्टर, आत्ता या."

"काकू? मी वरच्या गावात आहे, गाय अडलीये. तुम्ही संध्याकाळ म्हणाला होतात."

"आत्ता या."

"कसा येऊ? संध्याकाळी पाचच्या आत नाही जमायचं. ते थेंब असते तर..." तिने फोन ठेवला.

ती जमिनीवर बसली. पेला तिरका करून गारोवच्या तोंडाशी धरला. त्याने सगळं पाणी पिऊन टाकलं, तळाचं सुद्धा, आणि तिची बोटं चाटली. मग त्याला कळ आली. तो बारीक, लांबलचक आवाज सुरू झाला, आणि या खोलीत तो ऐकायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

घड्याळात सहाला दहा कमी होते.

बराच वेळ ती तशीच बसली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, कपाटाशी गेली आणि रेडिओ लावला. कुठल्या तरी लग्नातलं गाणं लागलं होतं. तिने आवाज वाढवला.