माझ्या बोलण्याचा चौथा हिस्सा

आमच्या घरात एक नियम आहे. मी काही सांगितलं की त्याला चारानं भागायचं. नियम माझ्या मुलानं काढला, तो शाळेत असताना. मी त्याला सांगितलं होतं, लहानपणी मी विहिरीत पडले आणि कासवाच्या पाठीवर बसून वर आले. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे विहीर नसेल, हौद असेल. आणि तू पडली नसशील, वाकली असशील." झालं, तेव्हापासून भागाकार सुरू. आता तो नोकरीपायी लांब असतो, त्यामुळे फोनवरून भागतो. घरातलं खातं सुनेकडे.

सून वजनमापं तपासणारी अधिकारी. दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासत फिरते. ती बाजारात शिरली की दुकानदारही सरळ होतात आणि काटेही. मी सगळ्यांना सांगते, हिनं नुसतं बघितलं तरी पाव किलोचं वजन घाबरून बारीक होतं. ती म्हणते, "आई, वजन बारीक झालं तर मला दंड लावावा लागेल." अशी ती. विनोदालाही पावती मागणारी.

तर मला आतड्याचा कॅन्सर झाला. झाला तो झाला, वर यकृतातही जाऊन बसला. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं न विचारता वरची खोलीही बळकावली. डॉक्टरबाई तरुण, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी आधी मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, मग दारापर्यंत चालून परत यायला लावलं. मी दाराशी गेले आणि बाहेर बसलेल्या बाईशी दोन शब्द बोलले. दोनाचे जरा जास्त झाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, मी घड्याळ लावलंय." मी म्हटलं, "लावा की, मला कुठे घाई आहे."

मग त्यांनी सरळ सांगितलं. हा पूर्ण जाणार नाही, पण औषधांनी आवरून धरता येईल. एक औषध सलाईनमधून, दुसऱ्याच्या गोळ्या घरी. "तुमच्या वयात जपूनच सुरू करायचं. पण पुढे डोस किती ठेवायचा, हे तुम्ही काय सांगता त्यावर ठरणार. हाताला मुंग्या येतात का, पोट किती वेळा बिघडतं, हे रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही. डोस जास्त झाला तर तुम्ही झोपाल, कमी झाला तर तो जागा होईल."

सून माझ्याकडे बघायला लागली. काट्याखाली चुंबक लावलेल्या दुकानदाराकडे बघतात ना, तशी.

मला औषध हवं होतं, अगदी मनापासून. माझ्या अजून कितीतरी गोष्टी सांगायच्या राहिल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच अजून घडायच्याही आहेत.

पहिलं सलाईन घेऊन घरी आले, फ्रीज उघडला आणि दुधाचं पातेलं उचललं. बोटांतून कोपरापर्यंत वीज गेली. गार पाणी प्यायले तर घशात कुणी टाचण्यांची डबी उलटी केल्यासारखं. आणि हे सगळं खरं. शंभर नंबरी. जन्मात पहिल्यांदा माझ्या हाती अशी गोष्ट लागली होती की तिला तिखटमीठ लावायची गरजच नव्हती. सुनेला सांगितली. तिनं मान डोलवली आणि पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना म्हणाली, "यांना जरा गार लागतं."

"जरा? अगं, टाचण्या."

"हो आई. जरा टोचतं, डॉक्टर."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग चालेल, होतं तसं." आणि डोस तोच ठेवला.

पुढे बोटांना मुंग्या यायला लागल्या. गाऊनचं बटण हातात धरलंय की हवा, कळेना. तेही डॉक्टरबाईंपर्यंत जाताना वाटेत वाळलं. तेव्हा मी ठरवलं, हे चारानं भागतात ना, मग आपण चारानं गुणून सांगावं. दुकानदार मापात मारतो हे ठाऊक असलं की शहाणं गिऱ्हाईक मूठभर जास्तच मागतं. त्या वेळी सुनेला म्हटलं, "बोटांत खिळे ठोकतायत. घशातून करवत जाते. काल एक बटण लावायला निघाले, ते लागलं तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता." सुनेनं भागलं आणि डॉक्टरबाईंना सांगितलं, "मुंग्या बऱ्याच येतात, बटणाला वेळ लागतो." जे होतं तेच नेमकं पोचलं. डॉक्टरबाईंनी सलाईनचा डोस थोडा उतरवला. माझं गणित इतकं चांगलं शाळेतही नव्हतं.

मग ते पोटाचं झालं. आदल्या दिवशी मला सात वेळा जावं लागलं होतं. सुनेला कळू दिलं नाही, म्हटलं डॉक्टरांपुढेच सांगू. तिनं मला दवाखान्याच्या दारात सोडलं आणि ती गाडी लावायला जागा शोधत गेली. आत नर्सबाईंनी हाताला पट्टा बांधला आणि विचारलं, "पोट कसंय, आजी?"

"काल अठ्ठावीस वेळा," मी म्हटलं. सवयच लागली होती.

नर्सबाईंचं पेन थांबलं. "अठ्ठावीस?"

आता बघा, इतक्या वर्षांत कुणी माझं बोलणं अख्खंच्या अख्खं घेतलं नव्हतं. ती बाई डोळे मोठे करून ऐकत होती. इतकं बरं वाटलं की मला राहवेना. "बाई, शेवटी मी तिथेच बिऱ्हाड केलं. उशी तिथे, चहा तिथे. तीनदा पडले. सून दार वाजवत होती तर मी आतून विचारलं, आपण कोण."

एवढं ऐकल्यावर चाकाची खुर्ची आली. खुर्चीतून पलंगावर, पलंगावर सलाईन, दुसऱ्या हातातून रक्त. डॉक्टरबाई पळत आल्या. त्यांनी नर्सबाईंकडून सगळं ऐकलं आणि माझ्याजवळ बसल्या. हळू बोलायला लागल्या.

"आजी, हे तुम्हाला झेपत नाहीये. आपण केमो थांबवू या, कायमचीच. आता फक्त त्रास कमी करायची औषधं देऊ."

"डॉक्टरबाई, सात वेळा. अठ्ठावीस नाही."

"आजी," त्यांनी माझा हात धरला, "औषध बंद होईल या भीतीनं पुष्कळ म्हातारी माणसं त्रास कमी करून सांगतात. तुम्ही तसं करू नका."

घ्या. मी कमी करून सांगते म्हणे.

तेवढ्यात सून आली. नर्सबाईंनी तिला दारातच गाठून ऐकवलं. अठ्ठावीस, तीनदा पडल्या, माणूस ओळखलं नाही. सून जागची हलली नाही. "अठ्ठावीस म्हणजे सात," ती म्हणाली. "तीनदा पडल्या म्हणजे एकदाही नाही, भिंत धरली असेल. आणि मला ओळखलं नाही हे त्या रोजच म्हणतात."

"तुम्ही हे काय करताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

सुनेनं नियम समजावून सांगितला. अगदी शांतपणे, खात्याचं परिपत्रक वाचावं तसा. मग मीही माझा गुणाकार सांगून टाकला. डॉक्टरबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे ते पहिल्या वेळचं 'जरा गार लागतं'?"

"ते भागलेलं," सून म्हणाली.

"मी चौथाई आजींना औषध देत होते." डॉक्टरबाई कपाळाला हात लावून बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "आता तुम्ही काहीच बोलायचं नाही. आणि आजी, तुम्ही काहीही न लावता सांगा. मगच ठरवते, थांबायचं की नाही."

काहीही न लावता. मला कुणी अंगावरचे कपडे काढून बाजारात जा म्हटलं असतं तर ते सोपं गेलं असतं. पण औषध जात होतं. मी डोळे मिटले.

"काल सात वेळा गेले. पडले नाही, भिंत धरली. बोटांना मुंग्या येतात, बटण लागत नाही. गार पाणी टोचतं. जेवण अर्धं जातं. झोप लागते."

आणि थांबले.

मग हुंदका ऐकू आला. सून रडत होती. "डॉक्टर, यांना बघा हो. यांना काहीतरी झालंय. या अशा बोलत नाहीत."

"तुला खोटं चालत नाही, खरं सोसत नाही," मी म्हटलं. "मी करू तरी काय?"

डॉक्टरबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते फाईलमागे नेलं. रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत थांबल्या, ते बरे निघाले. मग मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय, आजी? थांबायचं?"

"नाही. चालू ठेवायचं. पण बटण माझं मला लावता आलं पाहिजे."

मग ठरलं. सलाईनचं औषध बंद. पोट ताळ्यावर येईपर्यंत गोळ्यांनाही सुट्टी, नंतर नुसत्या गोळ्या, त्याही कमी करून. पोट पुन्हा बिघडलं तर गोळी घ्यायची नाही, लगेच फोन करायचा. आणि फोन मी करायचा, सुनेनं नाही. बटणाला काही महिने लागतील म्हणाल्या. लागले. वरचं एक अजूनही दाद देत नाही.

पुढे गोळ्या अंगी लागल्या आणि मोठा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर भाडेकरू दाखवला आणि म्हणाल्या, "वाढलेला नाही. थोडा लहान झालाय. अगदी थोडा, पण या डोसवर हे छान आहे." सुनेनं मान हलवली, रिपोर्ट पिशवीत ठेवला.

बाहेर आलो. मी बाकावर टेकले. सुनेनं माझ्या मुलाला फोन लावला आणि खिडकीपाशी गेली, पण आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"अरे, अर्धा झालाय. अर्ध्याहूनही कमी. डॉक्टर म्हणाल्या, असा रिपोर्ट त्यांनी अख्ख्या आयुष्यात बघितला नाही. पडद्यासमोर गर्दी झाली होती. खालच्या कॅन्टीनचे स्वयंपाकीसुद्धा वर आले बघायला."

मग तिनं फोन माझ्याकडे आणून दिला. ती माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीची चेन लावत बसली होती. ती आधीच लावलेली होती.

"आई," मुलगा म्हणाला, "ही काय सांगतेय? खरं आहे का?"

"अरे," मी म्हटलं, "ती वजनमापं खात्यातली बाई आहे. ती कशाला फुगवून सांगेल?"