सहा मिनिटांची फेरी

बदरोद्दीन चौथ्यांदा थांबला, तेव्हा चालण्याची चाचणी घेणाऱ्या अक्षतानं हातातल्या कागदावर आणखी एक खूण केली. घड्याळ चालूच होतं.

जालन्यातल्या एका दवाखान्याचा हा व्हरांडा. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, मधे तीस मीटर अंतर. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, दम लागला तर थांबायचं, पण थांबलेला वेळ परत मिळत नाही, हे तिनं सुरुवातीलाच सांगितलं होतं. तीन महिन्यांपूर्वी बदरोद्दीन इथं दोनशे दहा मीटर चालला होता. तेव्हा हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलेलं, पाय सुजलेले. या वेळी तीनशे भरले तर गावात फेरी करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याच्या मुलानं, मुजाहिदनं, तो आकडा बरोबर ध्यानात ठेवला होता. तीनशे भरले नाहीत, तर माळा खुंटीवरून काढायच्या नाहीत.

माळा म्हणजे बांगड्यांच्या. बदरोद्दीन कुंभार पिंपळगावचा मणियार. चाळीस वर्षं तो काचेच्या माळा खांद्यावर टाकून गल्ल्यांतून आणि आसपासच्या वस्त्यांवरून हिंडला. तीर्थपुरीत दुकानं झाली, पोरी मोबाइलवर बांगड्या मागवू लागल्या, तरी पंचमीला बांगड्या भरायच्या त्या बदरूचाचाच्याच हातून, असं म्हणणारी वीस-पंचवीस घरं अजून होती. पंचमी पंधरा दिवसांवर आली होती.

सहा मिनिटं संपली. अक्षतानं त्याला खुर्चीवर बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, फेऱ्या मोजल्या. दोनशे शहात्तर मीटर.

“चार वेळा थांबलात, चाचा. दम लागला होता, का छातीत दुखलं?”

“न्हाई बेटी. दारात बाई उभी होती.”

अक्षताला कळलं नाही. मग त्यानं सावकाश सांगितलं. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या होत्या, आणि शंकूंमधून कोण येरझाऱ्या घालतोय हे बघायला रुग्णांसोबतच्या बाया दारात येत होत्या. दारात उभ्या बाईला ओलांडून मणियारानं पुढं जायचं नाही, हा त्याच्या बापाचा नेम. बाई घेवो न घेवो, क्षणभर थांबायचं. तिनं मान हलवली की निघायचं. आता पाय त्याला न विचारताच थांबत होते.

बाकावर त्याची बायको अकबरबी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दुजोरा दिला. “नमाजला निघाले तरी थांबतेत. एकदा वस्तीवर दारात म्हैस बांधल्ती, तिच्यापुढं बी थांबल्ते.”

अक्षताला हसू आवरलं नाही. मग ती विचारात पडली. चार थांबे दमाचे नसतील, तर हा आकडा हृदयाचा नव्हता, सवयीचा होता. असा आकडा फाइलमध्ये कसा लिहायचा? अर्ध्या तासानं पुन्हा चालायचं, तिनं ठरवलं. खोल्यांची दारं लावून.

बदरोद्दीननं मान हलवली. पहिले तीन थांबे बायांसाठीच होते. चौथ्या दारातही बाई होती, हे खरं. पण दम तिच्या तीन पावलं अलीकडंच संपला होता. तो कसाबसा तिच्यापर्यंत पोचला, एवढंच.

अर्ध्या तासानं सगळी दारं बंद झाली. व्हरांडा रिकामा होता. बदरोद्दीन निघाला. काचेवर काच घासू नये म्हणून डावा खांदा न हलवता चालायची त्याची जुनी चाल होती. खांद्यावर काही नसताना आजही तो तसाच चालत होता. पहिल्या तीन मिनिटांत तो कुठंच थांबला नाही. अक्षता घड्याळाकडं बघून मान डोलावत होती.

पाचव्या मिनिटाला श्वास आखडला. त्यानं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. मग एका बंद दाराकडं तोंड करून तो उभा राहिला. आतून कोणी येणार असल्यासारखा.

“चाचा?” अक्षतानं विचारलं.

तो वळला नाही. कागदावर तिनं खूण केली.

अकबरबीनं पिशवी बाकावर ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली, चालत त्या दारापाशी गेली आणि दाराला पाठ लावून त्याच्यासमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. मग हात पुढं केला.

बदरोद्दीननं तो हात घेतला. बोटं एकत्र मिटवली, अंगठा आत दाबला, माप घेताना घ्यायचा तसा पंजा चेपून पाहिला. त्याच्या छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. तो थोडा कमी होईपर्यंत तिनं बोटं तशीच मिटून ठेवली.

“अडीचची बांगडी,” तो म्हणाला.

“सव्वादोनची होती,” अकबरबी म्हणाली. “लग्नात.”

घड्याळात अजून पन्नास सेकंद होते. त्यानं हात सोडला नाही.