एकविसावी पत्री

"बाबा, तो बेल नव्हता," फोन ठेवत रेणू म्हणाली. "संध्याच्या हातालाही तेच झालंय. आणि तिच्या सासूबाईंच्या मानेला."

गुरुनाथ खटावकर सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. समोर त्यांची आठ वर्षांची नात सावनी. तिचा उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, त्यावर पाण्याचे फोड आणि फोडांवर डॉक्टरांनी दिलेलं गुलाबी लोशन. बिब्बा उतल्यावर होतात तसले फोड. गणपतीचं विसर्जन सोमवारी झालं होतं आणि आज बुधवार होता.

"पॉयझन आयव्ही म्हणतात त्याला," रेणू म्हणाली. "इथे पहिलीतल्या मुलांनाही माहीत असतं."

सुनेचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं गुरुनाथांना वाटून गेलं. त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. ज्यानं ती पानं तोडली, त्याच्या हाताला साधी खाजसुद्धा नव्हती.

मिनियापोलिस शहर जिथे दमून थांबतं, तिथे ईडन प्रेरीची ही वस्ती होती. घरांची शेवटची ओळ, तिच्यामागे थेट झाडी. मे महिन्यात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्यापासून रोज सकाळी सावनीचं बोट धरून गुरुनाथ त्या झाडीत शिरत. त्यांना अमेरिकेत आवडलेली एवढी एकच गोष्ट, आणि ती मॉलमध्ये मिळत नव्हती.

साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या खात्यात तेहतीस वर्षं ते लॅब अटेंडंट होते. साहेबांनी घाटातल्या कड्यावरची फांदी दाखवायची आणि गुरुनाथांनी चढून ती आणायची. मग ती वर्तमानपत्रात दाबायची, रोज कागद बदलायचे, वाळली की शीटवर चिकटवायची. कोपऱ्यात लेबल: झाडाचं नाव, कुळ, ठिकाण, आणि 'कलेक्टेड बाय'च्या पुढे साहेबांचं नाव. त्याचं गुरुनाथांना कधी वाईट वाटलं नाही. झाड ज्यानं ओळखलं त्याचं, असा त्यांचा साधा समज होता.

पण इथल्या मराठी मंडळींत त्यांना परस्पर बढती मिळाली. लॅब अटेंडंटचे ते 'बॉटनीवाले काका' झाले. दोघातिघांनी तर प्रोफेसरच ठरवून टाकलं. गुरुनाथ खोटं बोलले नाहीत, पण त्यांनी कुणाची चूक दुरुस्तही केली नाही. "काका, गणपतीला पत्री बघाल का, प्लीज?" असं त्यांच्यातल्या संध्यानं विचारल्यावर तर ते फुलूनच गेले. एकवीस पत्री इथे कुठून मिळणार? पण झाडीत एका वेलाला तीन-तीन पानं जुळून आलेली दिसली आणि त्यांना भरून आलं. परक्या मुलखात बेलच भेटला जणू! त्यांनी पिशव्या भरल्या, पाच घरी वाटल्या. सावनीनं पानं निवडून जुड्या बांधल्या.

"बाबा, राग मानू नका," रेणू जवळ बसत म्हणाली, "पण सावनीला आता त्या झाडीत नेऊ नका. मला भीती वाटते."

गुरुनाथांनी मान हलवली. सावनी मात्र गप्प बसणारी नव्हती. "आजोबा, यू सेड यू नो ऑल द प्लांट्स!"

पुढच्या मंगळवारी शाळा उघडली. हातावर पट्टी आणि उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून सावनी बसमध्ये चढली. जाताना तिनं आजोबांना हात केला नाही.

आठवडाभर गुरुनाथ घरातच बसून राहिले. मग एका सकाळी त्यांना राहवलं नाही आणि ते एकटेच झाडीत गेले. वाटेवर पांढऱ्या केसांची एक बाई मोठी कात्री घेऊन झुडपं तोडत होती. लिंडक्विस्ट बाई. दर शरद ऋतूत त्या हेच काम करत, फुकट. बाहेरून आलेलं बकथॉर्न नावाचं झुडूप सगळी झाडी गिळत चाललं होतं, ते त्या कापून काढत.

गुरुनाथ त्या तीन पानांच्या वेलापुढे उभे राहिले, तशा बाई ओरडल्या, "नो, नो! डोन्ट टच!"

"आय नो," गुरुनाथ म्हणाले. मग मनात आलं ते विचारून टाकलं. "मॅडम, फॅमिली?"

बाईंना आधी वाटलं, हा गृहस्थ घरच्यांची चौकशी करतोय. मग त्यांनी गुरुनाथांचं बोट वेलाकडे गेलेलं पाहिलं. "अ‍ॅनाकार्डिएसी," त्या म्हणाल्या.

गुरुनाथांनी कपाळावर हात मारला. आंबा, काजू, बिब्बा! ज्या कुळाची शेकडो लेबलं स्वतःच्या हातानं चिकटवली, त्याच कुळातलं हे पोर. त्याची नुसती पानं बघून ते भुलले होते. शेजारच्या रानद्राक्षाकडे बोट दाखवून ते घाईघाईनं म्हणाले, "व्हायटिस?" बाई हसल्या. "व्हायटिस!" इंग्रजीत दोघांचं फार जमलं नसतं, पण लॅटिनमध्ये जमलं. बाईंनी हातमोज्यांची जादा जोडी त्यांच्या हातात ठेवली.

त्यानंतर रोज सकाळी ते बकथॉर्न तोडू लागले. परतताना बाईंना विचारून एखादी डहाळी आणत आणि फुकट येणाऱ्या वर्तमानपत्रांत दाबून वर बासमतीचं पोतं ठेवत. मुलगा यतीन म्हणाला, "बाबा, भात करायला पोतं उचलायची परवानगी कुणाकडे मागायची?" रेणू हसली. पण सावनीला झाडीत नेण्याची बंदी तशीच राहिली.

एका दुपारी शाळेतून आलेली सावनी जेवणाच्या टेबलापाशी रेंगाळली. "व्हॉट आर यू डुइंग?"

गुरुनाथांनी हातातला गोंदाचा ब्रश खाली ठेवला. "सावनी, मी प्रोफेसर नव्हतो. सगळ्या झाडांची नावं मला माहीत नव्हती. मी पानं चिकटवायचो. तुला आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

सावनीनं जरा विचार केला. "सो, यू वेअर द ग्लू गाय?"

"हो. ग्लू गाय."

"कूल," म्हणून ती खुर्ची ओढून बसली.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा वीस शीट तयार होत्या. एकविसावी कोरी होती. त्या वेलाला हात लावून तो दाबणं शक्य नव्हतं. गुरुनाथांनी तो पेन्सिलीनं काढला: मधलं पान लांब देठाचं, बाजूची दोन आखूड देठांची. खाली मराठीत लिहिलं, 'हे तोडू नये.' मग ते चित्र घेऊन त्यांनी पाचही घरी जाऊन माफी मागितली आणि आपण प्रोफेसर नव्हतो हेही सांगितलं. संध्या म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी पत्री तुमचीच. फक्त आधी फोटो पाठवा!"

निघायच्या आदल्या रविवारी सकाळी ते बूट चढवत होते, तर दाराशी सावनीला घेऊन रेणू उभी. पायात बूट, हातात छोटे हातमोजे.

"बाबा, तो वेल कुठला ते मलाही दाखवा," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर हिला कोण नेणार?"

तिघं निघाली. झाडी उघडीवाघडी झाली होती. सावनी पुढे होती. एका खोडापाशी थांबून तिनं हात आडवा धरला. "आई, स्टॉप! पानं गळली तरी वेल चावतो. आजोबांनी सांगितलंय."

रेणू थांबली. मग तिनं हळूच सासऱ्यांच्या दंडाला धरलं आणि तशीच चालत राहिली.

घरी आल्यावर सावनी लेबलं लिहायला बसली. गुरुनाथ नावं सांगत होते, कुळं सांगत होते.

"कलेक्टेड बाय?" तिनं विचारलं.

"लिंडक्विस्ट मॅडमचं नाव लिही. त्यांनी पानं ओळखली."

"पण तोडली कुणी?"

सावनीनं जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरलं: गुरुनाथ खटावकर. मग दुसऱ्या शीटवर. मग तिसऱ्या. एकविसाव्या शीटपर्यंत तिनं मान वर केली नाही.

गुरुनाथांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. स्वतःच्या नावापाशी बोट नेलं आणि टेकवण्याआधीच मागे घेतलं.

"हात लावू नकोस हं," ते म्हणाले. "शाई वाळू दे."