गुरुवारचा वास

बिश्केकच्या आमच्या टोकाला हिवाळ्यात आकाश नसतं, धूर असतो. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी याच वाक्यानं सुरुवात केली आणि चक्क पहिली आले! मी, कनिशाय, जी एके काळी फळ्यासमोर उभी केली की रडायची. आता मला कुणी थांबवून दाखवावंच.

घरी आले, बाबांना ढाल दाखवली. "छान," ते म्हणाले. आई गेल्यापासून ते एवढंच म्हणतात. चहा छान, बर्फ पडला तोही छान. मीही तेव्हापासून रडलेले नाही. येतच नाही रडू. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही ना, तसं आतून झालंय. मग मी बोलत सुटते.

बुरुल एजे, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याच पुढच्या खोलीत जॅकेटं शिवते. कापून उरलेल्या चिंध्या पोत्यांनी साठतात आणि चुलीत जातात, कारण कोळसा महाग आणि चिंध्या फुकट. नायलॉन पेटलं की धुराड्यातून काळाकुट्ट लोट.

त्याच चुलीवर दर गुरुवारी एजे आईसाठी बोरसोक तळते. कणकेचे छोटे तुकडे, टम्म फुगलेले. गेलेल्या माणसाला तळणीचा वास पोचतो, तेच त्याचं जेवण. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

ढाल मिळाली त्या आठवड्यातल्या गुरुवारी मी अंगणात उभी राहिले, नाक वर केलं, आणि आत जाऊन भाषणाच्याच आवाजात म्हणाले, "एजे, आईला बोरसोक पोचत नाहीयेत. तिला जळक्या जॅकेटांचा वास पोचतोय."

एजेचा झारा हवेतच राहिला. "शाळेत ढाल मिळाली की घरात मंत्री होतात का गं?"

"बाहेर येऊन वास घे ना."

"तुझ्या आईला शेवटची आंघोळ मी घातली. मला शिकवतेस?"

पण आली बाहेर. नाक वर केलं. खोकली. मग आत जाऊन तिनं कढई उतरवली.

पुढच्या गुरुवारी तळण नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चिंध्या जाळणंही बंद. एजेचं सगळंच टोकाचं. कोळसा पुरवून वापरायचा म्हणून आम्ही घरात टोप्या घालून बसायचो आणि पोती दारापर्यंत येऊन टेकली. "बघा, आपल्या धुराड्याचा धूर किती कमी झाला!" मी म्हणायचे. एजे टोपी कानांवर आणखी खाली ओढायची. मी खरं तेच बोलले होते. आणि आई उपाशी होती.

मग एका दुपारी बाबांनी पेटीतून आईची गोधडी काढली. रंगीत ठिगळांची, अर्धवट राहिलेली. एजेच्या मशीनवर तिची खोळ शिवली, अगदी वाकडीतिकडी, आणि पोतं ओढून तिच्यात चिंध्या कोंबायला लागले.

"अरे, हे काय?" एजे ओरडली. "गादीत लोकर भरतात!"

"लोकर कुठंय?"

"गाठी होतील, गाढवा! आधी बारीक कातर."

आणि कात्री घेऊन स्वतःच बसली. मीही बसले. संध्याकाळी गादी फरशीवर अंथरली, तेव्हा खालून येणारी थंडी थांबली. "छान," बाबा म्हणाले. या वेळी ते खरंच छान होतं.

गुरुवारी बाबांनी जर्दाळूच्या वाळलेल्या फांद्या तोडल्या, अंगणात विटांची चूल मांडली. एजेनं कढई चढवली. आजूबाजूची धुराडी काळं ओकत होतीच. मी वास घेत घेत चालत गेले. फाटकापाशी तळणीचा वास होता. रस्त्यावर पाऊल टाकलं, तर फक्त धूर.

"फाटकापर्यंतच जातोय," मी येऊन सांगितलं. एजेचा चेहरा पडला. तिनं बाबांकडे पाहिलं.

"पुरे की," बाबा म्हणाले. "बसमधून उतरून फाटकापर्यंत ती रोज चालतच यायची."

आई गेल्यापासून ते एवढं लांब पहिल्यांदाच बोलले. मला वाटलं, आता येईल रडू. नाही आलं. मी गरम बोरसोक तोंडात टाकला, जीभ पोळली. ते मात्र कळलं. दुसरा हातात घेतला आणि जाऊन फाटकाची कडी काढून ठेवली.